कळसमध्ये नाही, सुप्यात नाही

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. माझी नोकरी अजून नवीन आहे, तीही अर्धवेळ, कॉलेज सांभाळून. म्हणून संपादकांनी विचारलं तेव्हा मी आधी नको म्हटलं. मग वाटलं, आपण काय काम करतो ते आपल्या घरातही कोणाला नीट माहीत नाही, तर निदान एकदा लिहून तरी बघावं. आई शेजारणींना सांगते, “अश्विनी दवाखान्याचं मोजायला जाती.” वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मदतनीस आहेत. ते म्हणतात, “मोजायचं काम आपल्या घरात आधीपासनंच हाय. ही फक्त शिकून मोजती.”

मी बारामतीला संख्याशास्त्र शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे संख्याशास्त्र शिकून पुढे काय होतं हे मला विचारणारे पुष्कळ आणि सांगणारं कोणीच नव्हतं. दुसऱ्या वर्षाला असताना पुण्याच्या एक मज्जातंतूंच्या डॉक्टर कॉलेजात आल्या. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या काही निवडलेल्या गावांत त्यांना घरोघर जाऊन एका दुर्मीळ आजाराचे रुग्ण मोजायचे होते. आकडे कळणारी आणि इकडची बोली बोलणारी मुलं त्यांना हवी होती. दोन्ही गोष्टी मला येत होत्या. मी हात वर केला, आणि सगळ्या वर्गाने मागे वळून बघितलं म्हणून लगेच थोडा खाली घेतला. पण मॅडमनी पाहिला होता.

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. पहिल्या आठवड्यात मला ते नीट उच्चारता येत नव्हतं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच शरीरावर उलटते आणि नस जिथे स्नायूला हुकूम देते ती जागा बिघडवते. मेंदू ठीक, नस ठीक, स्नायूही ठीक, पण हुकूम पोचत नाही. या कामात आम्ही दोघादोघांच्या जोडीने फिरायचो; माझा जोडीदार नवनाथ नर्सिंग शिकलेला, गाडी त्याचीच. त्याने हे गावात सांगायची स्वतःची पद्धत काढली होती. “पाटाला पाणी सोडलंय, पण टेलच्या रानापर्यंत येता येता संपतंय, तसलं दुखणं.” कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्यांची शेती आहे त्यांना याहून जास्त सांगावं लागत नसे. ते मान डोलवायचे आणि पाटबंधारे खात्याबद्दल बोलायला लागायचे.

या आजाराची खोड अशी की सकाळी माणूस चांगला असतो. वापरून वापरून स्नायू दमतात, संध्याकाळी पापणी डोळ्यावर येते, एकाचे दोन दिसतात, बोलता बोलता आवाज नाकातून यायला लागतो, घास चावता चावता जबडा थकतो. थोडं पडून राहिलं की परत ठीक. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, हे काही दुखणं नाही, हे काम टाळणं आहे.

आमच्या सामानात प्रश्नांचा कागद, एक लाल टोपणाचं पेन आणि बर्फाचा थर्मास असे. पेन डोळ्यांसमोर वर धरायचं आणि माणसाला त्याच्याकडे एकटक बघायला सांगायचं. हा आजार असेल तर पापणी हळूहळू खाली उतरते. मग पडलेल्या पापणीवर बर्फ ठेवायचा. गारव्याने ती थोड्या वेळापुरती वर येते. एवढ्यावरून निदान होत नाही, त्याला रक्ताची आणि नसांची तपासणी लागते, पण पुण्याला कोणाला पाठवायचं हे कळतं.

डाळजच्या एका आबांना मी विचारलं, “आबा, तुमची पापणी पडते का?”

“पडती की. दुपारी जेवल्याव लगीच.”

“ती सगळ्यांचीच पडती, आबा,” नवनाथ म्हणाला.

“मग माझी लिवायला काय हुतंय?”

आतून त्यांची सून म्हणाली, “लिवा वो ताई, न्हायतर दिवसभर माझं डोकं खातील.”

आबांचं लक्ष थर्मासकडे गेलं. त्यात चहा नसून बर्फ आहे म्हटल्यावर ते नवनाथवर चिडले. “नुसता बर्फ घिऊन हिंडतोस व्हय रं? लिंबू-साखर तरी आणायचीस संगट.”

असे दिवस मजेत जायचे. पण प्रत्येक गावात एक प्रश्न हमखास यायचा, आणि त्याला हसून उत्तर देता यायचं नाही. “मोजून काय देणार?” लोकांना वाटायचं घरकुल असेल, रेशनचं असेल. मी एकदा मॅडमना तसंच विचारलं. त्या म्हणाल्या, “तालुक्याच्या दवाखान्यात याची गोळी का नसते माहीत आहे? इथे रुग्ण नाहीत असं सगळ्यांना वाटतं म्हणून. आणि रुग्ण नाहीत असं का वाटतं? कोणी मोजले नाहीत म्हणून.”

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून गेली नाही. हा आजार जगात सगळीकडे आहे आणि सगळीकडे थोडा आहे. पूर्वेकडच्या काही देशांत तो लहान मुलांत जास्त दिसतो, पुष्कळदा फक्त डोळ्यांपुरता. काही देशांत आता म्हाताऱ्या पुरुषांत जास्त सापडतो. पण जिथे या विषयाचे डॉक्टर जास्त, तिथे आकडाही मोठा. मग तिथे आजार जास्त की डॉक्टर जास्त? “हे मला पुण्यात बसून सांगता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही दारात उभे राहून सांगाल.”

आमच्या दारांत मात्र काही सापडत नव्हतं. मॅडम म्हणत होत्या की तरुण बायकांमध्ये हा आजार दिसायला हवा. आम्हाला म्हातारी माणसं भेटत होती, मोतीबिंदू भेटत होते, गुडघे तर घरटी भेटत होते. पण पापणी पडणारी एकही तरुण बाई नाही.

तशात आम्ही कळसला गेलो. बागायतदार घर, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात जर्सी गाई. घरच्या काकूंनी आम्हाला ओसरीवर बसवलं आणि घरात कोण कोण ते सांगितलं: त्या, त्यांचे मालक, मुलगा आणि धाकटा दीर. चौघंही धडधाकट. मी प्रश्न वाचत गेले आणि त्या “न्हाय, न्हाय” म्हणत शेंगा फोडत राहिल्या. शेवटाकडे मी विचारलं, “जेवताना चावून चावून जबडा दुखतो, हाताने हनुवटीला आधार द्यावा लागतो, असं कोणाचं?”

काकूंचा हात थांबला. मग त्या हसल्या. “आमच्या सूनबाईंचं. भाकरीचा तुकडा मोडायचा आन् हनुवटीला हात लावून बसायचं. कितींदा सांगितलं, ताटावर बसून असं अवलक्षण करू नये, घराला बरं न्हाय. ऐकंल तर शपथ.”

गालाला किंवा हनुवटीला हात लावून बसलं की माझीही आजी ओरडायची. दुःखात असलेलं माणूस तसं बसतं, म्हणून चांगल्या घरात तसं बसायचं नसतं. पण मी तेव्हा जागेवरून अर्धी उठलेच.

“कुठे आहेत त्या?”

“माहेराला धाडलीय, सुप्याला. सकाळच्या पारी चांगली भांडी घासायची, आन् दिवस कलला की डोळं झाकायची, बोलायची बी नाकातनं. एवढी नाटकं! पोराच्या मागं लागलेय मी, फारकतीचं बघ म्हणून.” आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघून घाईने म्हणाल्या, “तिला आमच्यात धरू नगा बरं का. ती हितं न्हाय आता.”

नियमाप्रमाणे काकू बरोबर होत्या. सहा महिन्यांपासून जो ज्या घरात राहतो, तो त्या घरचा, असा आमचा नियम. सून दिवाळीच्याही आधी गेली होती आणि आता उन्हाळा लागला होता. म्हणजे ती सुप्याची. सुपे आमच्या निवडलेल्या गावांत होतं आणि आमच्याच दुसऱ्या जोडीने ते पूर्ण केलं होतं. मी गाडीजवळ उभी राहूनच त्या जोडीतल्या मुलीला फोन लावला. काकूंनी सुनेचं नाव रूपाली सांगितलं होतं; तिच्या वडिलांचं नाव मी फोनवर सांगितलं. तिने बघून सांगितलं, “त्या घरात दोघंच. नवरा-बायको. दोघंही ठीक.”

मी नवनाथकडे बघितलं. “ती कळसमध्ये नाही आणि सुप्यातही नाही.”

“मग हाय कुठं?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नवनाथच्या मामेभावाची सुपारी फुटायची होती, तरी तो आला. बारामती सोडून सुप्याकडे लागलं की ऊस संपतो आणि माळ सुरू होतो. रूपालीचं घर त्या माळाच्या कडेला. तिचे वडील, गाव त्यांना तात्या म्हणतं, दारातच बाजेवर बसले होते. आम्ही कशाला आलो ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा बंद झाला.

“त्या दिशी सांगितलंय की समदं. आमी दोघंच हितं.”

“तात्या, रूपालीताई इथेच असतात ना?”

“पोरगी दिलेली हाय. दिलेल्या पोरीला बापाच्या घरात मोजत्यात व्हय? तिला हितं लिवली म्हंजी ती कायमची आली, असंच झालं की. तुमचा कागूद उद्या फारकतीला पुढं यायचा.”

“आमचा कागद कोणाला दाखवत नाहीत, तात्या.”

“पोरी, जिराईतातला मानूस हाय मी. बागायतात पोरगी दिली तवा गावानं पाठ थोपटली माझी. तिचं घर कळसलाच हाय.” एवढं बोलून ते दुसरीकडे बघायला लागले.

मी कागद मिटला. खरं तर मी उठायच्याच बेतात होते. तेवढ्यात आतून आवाज आला, “तात्या, मी जेवते हितं, झोपते हितं. मोजायला काय अडचन हाय?” वाक्याची सुरुवात स्पष्ट होती आणि शेवट नाकातून आला.

रूपाली उंबऱ्याशी आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. डावी पापणी अर्ध्यावर आलेली, आणि आमच्याकडे बघायला ती मान मागे टाकत होती. मी तिला पेनाच्या टोपणाकडे बघायला सांगितलं. थोड्याच वेळात दोन्ही पापण्या उतरल्या, डावी तर पूर्ण. थर्मासमधला बर्फ प्रवासात विरघळून गेला होता. नवनाथ बाजाराकडे धावला आणि रसवंतीवाल्याकडून स्टीलच्या डब्यात बर्फ घेऊन आला. वर रसवंतीवाल्याची चौकशीही आणली, “पाव्हणे आलेत का तात्यांकडं?”

रुमालात बर्फ गुंडाळून मी तिच्या डाव्या पापणीवर धरला. तिची आई म्हणाली, “अगं सर्दी हुईल तिला.” मोबाइलवर दोन मिनिटं लावली होती. रुमाल काढला तेव्हा डावा डोळा उघडा होता. उजवा मिटत आलेला आणि डावा उघडा.

आईने तोंडाला पदर लावला. तात्या बाजेवरून उठून आत आले, वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. “परत पडंल का?”

“पडेल तात्या. हे औषध नाही. पण हे नाटकही नाही.”

मग मी कागदावरचे शेवटचे प्रश्न विचारले, जे सहसा विचारायची वेळ येत नाही. पाणी पिताना नाकातून येतं का? येतं. कधीपासून? चार दिवसांपासून. उताणं झोपल्यावर दम लागतो का? रूपालीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, “बसूनच झोपती वो.” मी बाहेर येऊन मॅडमना फोन केला. त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. “आजच आणा. उद्या नाही. श्वासाचे स्नायू दमले तर हातात वेळ राहत नाही. मी इथे बेड सांगून ठेवते.”

तात्यांना ते सांगितलं. ते तयार झाले, टोपीही घातली, आणि मग तिथेच अडले. “जावयाला इचारल्याबिगर दवाखान्यात न्यायची कशी? उद्या म्हनतील, आमाला न सांगता कापाकापी केली.” त्यांनी कळसला फोन लावला. फोन काकूंनी घेतला. आवाज मोठा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “माहेरात गेल्याव बी नाटकं सुरूच हायती का तिची? पोरगा रानात हाय. आला की सांगते त्याला, मग बघू.”

तात्यांनी फोन खिशात ठेवला. इकडे लेकीला नुसता नवरा नसतो, सगळं घर असतं; त्या घराच्या होकाराशिवाय बाप पाऊल उचलत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नानंतर माझ्या वडिलांनाही मी असंच थांबलेलं बघितलं आहे. म्हणून मला तात्यांवर रागावता येईना. पण थांबताही येईना. माझा आवाज मोठा नाही, वर्गातसुद्धा मला दोनदा बोलायला लावतात. त्या दिवशी मी एकदाच बोलले.

“तात्या, जावई रानातून येतील तेव्हा येतील. हिचा श्वास त्यांची वाट बघणार नाही. तुम्ही नेलं नाही तर मी आणि नवनाथ हिला गाडीवर मधे बसवून नेऊ.”

“मोटारसायकलीवर?” नवनाथ दचकून म्हणाला. “चौफुल्यापर्यंत तरी जाईल का?”

“जाईल,” मी म्हटलं. जाणार नव्हती, हे मलाही माहीत होतं.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे. मग शेजाऱ्याला हाक मारली. “पांडुरंगराव, जीप काढा. पुण्याला जायचंय.” बायको म्हणाली, “आन् जावयाला?” ते चप्पल घालत म्हणाले, “फोन वाटंतनं करू.”

रूपाली वीसएक दिवस पुण्याला होती. पहिले काही दिवस श्वासाच्या मशीनवर. रक्तातला अपाय करणारा भाग गाळून काढला, गोळ्या सुरू झाल्या, छातीतल्या एका ग्रंथीची तपासणी झाली. मॅडम म्हणाल्या, “आणखी दोन दिवस गेले असते तर मला काही करता आलं नसतं.” हे त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं आणि लगेच दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, “सुप्याच्या आकड्यात एक वाढवू या.”

मॅडमनी मान हलवली. “आपल्याला ती योगायोगाने सापडली, अश्विनी. तिच्या एका घराची दुरुस्ती केली आणि बाकीची घरं तशीच ठेवली, तर ती मोजणी उरत नाही, किस्सा होतो.”

मला वाईट वाटलं, पण त्या बरोबर होत्या. माझ्या विषयाचं पहिलं तत्त्वच ते आहे: सगळ्यांना एकच प्रश्न. मी रात्रभर नाही म्हणणार, पण दोन दिवस त्यावर विचार केला. अशी रूपाली एकटीच कशी असेल? आजारी सून माहेरी पाठवायची, हा काही कळसच्या एका घराचा रिवाज नाही. सासर म्हणतं ती इथे नाही, माहेर म्हणतं ती दिलेली आहे. हा आजार ज्या वयाच्या बायकांना गाठतो, नेमक्या त्याच वयाच्या बायका दोन घरांच्या मधून गळतात. आणि मग पुण्यात, दिल्लीत, आणखी कुठे कुठे लिहिलं जातं की आमच्या भागात हा आजार फारच कमी आहे.

मी मॅडमना म्हटलं, “मग सगळ्यांनाच विचारू. दोन प्रश्न वाढवायचे. आजारी पडून या घरातून कोणी दुसरीकडे राहायला गेलंय का? आणि लग्न झालेली मुलगी सध्या इथे राहते का? झालेल्या सगळ्या गावांत परत जायचं.”

खोलीत सगळे ओरडले. नवनाथ सगळ्यात मोठ्याने. “परत सगळी गावं? आगं, डाळजचा आबा मला जिता सोडायचा न्हाय!” मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, “उन्हाळा आहे. पोरं दमतील.”

“दमू देत,” मी म्हटलं. त्या हसल्या, आणि दुसरी फेरी ठरली.

फेरी अजून चालू आहे. किती सापडले ते मी इथे लिहिणार नाही, मोजणी पुरी झाल्याशिवाय आकडा सांगायचा नसतो. एवढं सांगते की माहेरच्या घरांतली मधली दारं आता आमच्यासाठी उघडायला लागली आहेत.

सुप्याला या वेळी दारात रूपालीच होती. औषधाने चेहरा थोडा सुजलेला, पण दोन्ही डोळे सरळ माझ्याकडे. मी रीतसर विचारलं, घरात कोण कोण राहतं. तात्या खाकरले. मग म्हणाले, “मी, हिची आई आन् आमची रूपाली. लिव. जे व्हायचं ते हुईल.”

“सासरचे आले होते का?” मी तिला विचारलं.

“मालक आले हुते दवाखान्यात. लई रडले. चल म्हनत्यात.” तिने गोळ्यांची पिशवी बाजूला ठेवली. “मी म्हनलं, डॉक्टर जा म्हनतील तवा इचार करीन. आदी अंगात जोर येऊ दे, मग कुठं ऱ्हायचं ते मी ठरवीन.”

कळसचं घर मी शेवटी ठेवलं होतं. काकूंनी या वेळी चहा केला. माझ्या नव्या प्रश्नांची वाटही न बघता म्हणाल्या, “आमची सून हाय आजारी. रूपाली. आमच्यात लिवा. औषधपाणी आमी बघू.”

नवनाथने चहाचा कप तोंडाशी धरून ठेवला. आधी दोन्ही घरं नको म्हणत होती, आता दोन्ही घरांत ती होती.

“काकू, त्या सुप्यात राहतात. त्यांना तिथे लिहिलंय. एक माणूस दोन ठिकाणी मोजता येत नाही.”

“मग आमच्या घराम्होरं काय लिवनार?”

“शून्य.”

त्या चहाच्या भांड्यावर झाकण ठेवत राहिल्या, काढत राहिल्या. मग म्हणाल्या, “शून्य म्हंजी चांगलंच असतं न्हवं तुमच्यात? घरात कोन आजारी न्हाय, असं?”

मी पेन बंद केलं.

“नेहमी नाही, काकू.”